पट्टी, बोंडू आणि रापण : किनाऱ्यावरून वाचलेले शरद जोशी

आमच्या ओटीवर एका खिळ्याला जाड तार लटकत असे. मुंबईहून आलेल्या आंब्याच्या पट्ट्या त्या तारेत टोचून ठेवलेल्या असत. एप्रिलमध्ये पेट्या रवाना झाल्या की घरात येणारा-जाणारा एकच विचारी, "पट्टी इली?" पट्टी आली की वडील आधी तळाची रक्कम वाचत आणि मग वर सरकत. पेट्या किती, भाव काय, आणि त्याखाली वजावटी : भाडे, हमाली, तोलाई, आडत, हंगामाआधी घेतलेली उचल. तो भाव कोणी ठरवला, कोणत्या दिवशी ठरवला, माल शेवटी कोणाकडे गेला, याचा त्या कागदावर पत्ता नसे. एका वर्षी अवकाळी पावसात सापडलेल्या शेवटच्या पेट्यांची पट्टी उलटी आली. भाडे-हमाली वजा जाता आम्हीच व्यापाऱ्याचे देणे लागत होतो. वडील काही बोलले नाहीत. तीही पट्टी त्यांनी तारेत टोचली.

'उलटी पट्टी' हा शब्द पुढे शरद जोशींच्या लेखनात भेटला, तेव्हा घरातलेच कोणी बोलते आहे असे वाटले. मराठीत खुल्या बाजाराची बाजू इतक्या सातत्याने, इतक्या रोखठोकपणे आणि शेतकऱ्याच्या बाजूने दुसऱ्या कोणी मांडलेली मला माहीत नाही. तरीही त्यांचे लेखन आमच्या सिंधुदुर्गात फारसे वाचले गेले नाही, आणि त्यांची संघटनाही इथे रुजली नाही. हा माणूस कोण होता, त्याने काय मांडले आणि मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिल्यावर त्यातले काय टिकते, हे एकदा नीट पाहायला हवे असे मला बरीच वर्षे वाटत आले आहे.

शरद अनंतराव जोशी यांचा जन्म 3 सप्टेंबर 1935 रोजी साताऱ्यात झाला. शिक्षण मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात, वाणिज्य शाखेचे. 1958 मध्ये ते भारतीय टपाल सेवेत दाखल झाले आणि दहा वर्षे तिथे अधिकारी होते. हा तपशील आमच्या जिल्ह्यातल्या माणसाने जरा थांबून वाचावा. ज्या काळात मालवण, कणकवली, सावंतवाडीतली घरे गिरणगावातून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालत होती, त्याच काळात ते त्या खात्यात होते. 1968 मध्ये ते स्वित्झर्लंडला, बर्नच्या जागतिक टपाल संघटनेत गेले. पगार मोठा होता, नोकरी सुरक्षित होती. गरीब देशांच्या विकासावर तिथे होणाऱ्या चर्चा ऐकताना त्यांच्या मनात एक शंका घर करत गेली : गरिबी हटवण्याच्या या भाषेत गरिबीचे मूळ कुठेच का सापडत नाही? ते मूळ कोरडवाहू शेतीत असावे असा त्यांचा कयास होता. तो तपासायला त्यांनी नोकरी सोडली आणि पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाणला जमीन घेऊन ते स्वतः शेती करू लागले. ती जमीन म्हणजे त्यांचा 'अंगारमळा'. याच नावाचे त्यांचे आत्मपर पुस्तक मराठी गद्यात मोलाचे आहे असे मी मानतो.

शेतीत त्यांनी हिशोब ठेवला. त्यांचे सगळे अर्थशास्त्र त्या वहीतून निघाले. बियाणे, खत, पाणी, मजुरी आणि घरच्या माणसांच्या कष्टाचे मोल धरले की पीक चांगले येऊनही शेतकरी तोट्यात जातो, हे त्यांनी स्वतःच्या कांद्या-काकडीवर पाहिले. त्याआधी शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे म्हणून अज्ञान, आळस, लग्नकार्यातली उधळपट्टी, सावकार, दलाल ही नावे घेतली जात. जोशींनी ती बाजूला सारली. त्यांचे म्हणणे असे : शेतमालाला खर्चाइतकाही भाव मिळू नये अशी व्यवस्था सरकारने मुद्दाम बांधली आहे. शहर आणि कारखाने उभे करायला स्वस्त धान्य, स्वस्त कच्चा माल आणि स्वस्त मजूर लागतात. त्यासाठी निर्यातबंदी, लेव्ही, जिल्हाबंदी, राज्यबंदी, साठ्यावरची बंधने आणि गरज पडली की परदेशातून आयात, ही सारी हत्यारे वापरली जातात. 'शेतकऱ्याचे मरण हेच सरकारचे धोरण' ही संघटनेची घोषणा याच विश्लेषणातून आली. 'भारत' आणि 'इंडिया' ही विभागणीही त्यांचीच. तिचा अर्थ खेडे आणि शहर इतका सरळ नव्हता. ज्यांचे श्रम लुटले जातात ते भारतात, मग ते धारावीच्या झोपडीत राहत असले तरी.

1979 मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली. सुरुवात चाकणच्या कांद्यापासून झाली. जानेवारी 1980 मध्ये वांद्रे ते चाकण असा मोर्चा निघाला. हे वांद्रे मुंबईचे नव्हे, खेड तालुक्यातले एक दुर्गम गाव. मागणी साधी होती, रस्ता करा. नोव्हेंबर 1980 मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याचे आंदोलन पेटले. उसाला टनामागे 300 रुपये आणि कांद्याला क्विंटलमागे 50 ते 70 रुपये मिळावेत यासाठी लाखो शेतकरी रस्त्यावर आणि रुळांवर बसले. 1981 मध्ये निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला. पोलिसांच्या गोळीबारात 12 जण मेले. आंबोली घाट चढून संकेश्वरच्या वाटेला लागले की निपाणी काही फार दूर नाही, पण त्या गोळीबाराचा आवाज घाटाखाली उतरला नाही. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही हाक देशावर, खानदेशात, मराठवाड्यात, विदर्भात घुमली. कोकणात नाही.

का नाही, याचे उत्तर सोपे आहे, आणि जोशींच्या मांडणीची पहिली मर्यादाही तिथेच दिसते. आमच्याकडे शेती म्हणजे भाताचे चार कुणगे. ते भात विकायला नसते. पावसाळ्याच्या शेवटी कणगी भरली तरी बहुतेक घरांत ते वर्षभर पुरत नाही, पुढचे महिने तांदूळ विकतच आणावा लागतो. धान्याचे भाव वाढले की नाशिकच्या शेतकऱ्याचे भले होते. मालवणच्या बाईच्या मात्र रेशनच्या पिशवीला भोक पडते. आमचा माणूस शेतकरी म्हणून नव्हे, चाकरमानी म्हणून बाजारात उतरला होता. म्हणून त्याला जवळचे वाटले ते समाजवादी. राजापूर मतदारसंघाने वेंगुर्ल्याच्या नाथ पैंना आणि त्यांच्यानंतर मधू दंडवत्यांना पुन्हा पुन्हा लोकसभेत पाठवले. दोन्ही धारा एकदा एकाच ठिकाणी आल्या. 1990 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात आमचे खासदार दंडवते अर्थमंत्री होते आणि शरद जोशी कृषी सल्लागार समितीचे अध्यक्ष, मंत्र्याच्या दर्जाचे. त्याच वर्षी दहा हजार रुपयांपर्यंतच्या कृषिकर्जाची माफी जाहीर झाली. जोशी तिला माफी म्हणत नसत. ज्याने गुन्हा केला त्याला माफी, आणि शेतकऱ्याने गुन्हा केलेला नाही, म्हणून 'कर्जमुक्ती'. मला हा नुसता शब्दांचा खेळ वाटत नाही. बँकेच्या दारात मान खाली घालून उभ्या राहिलेल्या माणसाला तो शब्द ताठ उभे करतो.

जोशींवर नेहमी येणारा एक आक्षेप इथेच घ्यायला हवा. ऐंशीच्या दशकात सरकारकडे भाव मागणारा हा माणूस नव्वदच्या दशकात डंकेल प्रस्तावाचे, जागतिक व्यापार संघटनेचे आणि खुल्या बाजाराचे समर्थन करू लागला, म्हणजे त्याने बाजू बदलली, असे डावे म्हणत. मी त्यांचे लेखन मागे-पुढे करून वाचले आहे. बाजू बदललेली मला दिसत नाही. सरकार भाव पाडते म्हणून आधी सरकारशी भांडण. मग भारत सरकारनेच आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत दिलेल्या आकड्यांवरून दिसले की आपल्या शेतीला मिळणारी सबसिडी उणे आहे, म्हणजे सरकार शेतकऱ्याला देत नाही, त्याच्याकडून काढून घेते. तेव्हा पुढची पायरी आपसूक आली : भाव देऊ नका, फक्त मध्ये येऊ नका. 'शेतकरी संघटना : विचार आणि कार्यपद्धती'पासून 'खुल्या व्यवस्थेकडे खुल्या मनाने'पर्यंतचा प्रवास असा सरळ रेषेतला आहे. 1994 मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. निवडणुकीच्या राजकारणात तो उभा राहू शकला नाही. ते स्वतः 2004 ते 2010 राज्यसभेत होते. मार्च 2010 मध्ये महिला आरक्षणाच्या विधेयकाला राज्यसभेत 186 मते पडली आणि विरोधात एकच. ते एक मत जोशींचे होते. फिरत्या मतदारसंघांमुळे कोणीच आपला मतदारसंघ जोपासणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

हा माणूस स्त्रियांच्या विरोधात नव्हता, हे सांगायला 1986 चे चांदवडचे महिला अधिवेशन पुरे. त्याच्या मागोमाग 'लक्ष्मीमुक्ती'ची चळवळ आली : नवऱ्याने आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा. कायदा नाही, सक्ती नाही, आणि तरी मोठ्या संख्येने शेतकऱ्यांनी सातबारावर बायकोचे नाव चढवले. शेतकरी चळवळींच्या इतिहासात याला तोड क्वचितच सापडेल.

आता किनाऱ्यावर येऊ.

पहिली गोष्ट आंब्याची. हापूसला कधी लेव्ही नव्हती, हमीभाव नव्हता, जिल्हाबंदीही नव्हती. जोशी ज्या सरकारी हाताविषयी लिहितात तो हात आमच्या आंब्याच्या भावावर तसा नव्हता. बाजार समितीचे बंधन सोडले तर बाजार खुला होता आणि तरीही वडिलांच्या तारेत उलटी पट्टी टोचलेली होती. व्यापारी-दलालाला खलनायक ठरवण्याची सोपी वाट जोशींनी नाकारली, आणि ते धाडसाचे होते. पण उचल देऊन माल बांधून घेणाऱ्या आणि भाव लपवणाऱ्या पेढीला त्यांनी जितकी सवलत दिली, तितकी मी देऊ शकत नाही. दोघांतल्या एकालाच भाव ठाऊक असेल, तर सौदा खुला कसा म्हणायचा? शिवाय आमच्या बागांमागे सरकार आहेच. 1990 पासून रोजगार हमीतून सुरू झालेल्या फळबाग योजनेने कातळावर सुरुंग लावून, खड्डे मारून, माती भरून कलमे उभी केली. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतची आजची हिरवळ बरीचशी त्या अनुदानाची आहे. 'सरकारने फक्त बाजूला व्हावे' हे वाक्य मी या कलमांखाली उभा राहून पूर्ण मनाने उच्चारू शकत नाही.

पण उपायाचे काय? तो सरकारकडून आला नाही, हेही तितकेच खरे. देवगडच्या बागायतदारांनी सहकारी संस्था काढली, स्वतःचा माल स्वतःच्या नावाने विकायला सुरुवात केली. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातो म्हणून अलीकडे फळावर ओळख क्रमांकाचे स्टिकरही लावले जाऊ लागले. 2016 मध्ये राज्याने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला. त्यानंतर मुंबई-पुण्याच्या घरी थेट पेटी पोचवणारे किती तरी तरुण जिल्ह्यात उभे राहिले. आज त्यांच्या मोबाइलवर गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता आणि भाव असतो. जोशींचे 'बाजार स्वातंत्र्य' मला कुठे प्रत्यक्ष दिसले असेल, तर ते या पोरांच्या खोक्यांवर चिकटवलेल्या पत्त्यांत.

दुसरी गोष्ट काजूची. इथे जोशी जसेच्या तसे लागू पडतात, आणि लगेच पुढच्या वाक्याला अडतात. मार्च-एप्रिलमध्ये वेंगुर्ला, दोडामार्ग, सावंतवाडीकडे काजूच्या बागेत गेलात तर वासानेच कळते. बी पिळून काढलेली, लालपिवळी, रसाने फुगलेली बोंडे झाडाखाली खच पडून असतात, त्यांवर माश्या घोंगावतात आणि दोन दिवसांत ती काळी पडून मातीत जातात. बी घेतली की बोंडू फेकायचा. तिकडे तेरेखोल ओलांडून पेडण्यात गेले की तोच बोंडू तुडवून रस काढतात, भट्टी लावतात, हुर्राक आणि फेणी करतात. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. झाड तेच, माती तीच, भाषाही जवळजवळ तीच. फरक इतकाच की इकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे. अलीकडे राज्याच्या धोरणात यासाठी थोडी वाट उघडू लागली आहे, पण सत्तर वर्षांहून अधिक काळ कुजलेल्या बोंडूंची भरपाई कोण देणार? सरकार शेतकऱ्याच्या हातातला पैसा कसा काढून घेते, हे कोणाला एका नजरेत दाखवायचे असेल, तर मी त्याला काजूच्या झाडाखाली नेईन.

मात्र काजू बीच्या भावाचा प्रश्न निघाला की आमचा बागायतदार जोशींचे ऐकत नाही. आफ्रिकेतून कच्चा काजू येतो आणि इथल्या बीचा भाव पडतो. शेजारच्या गोव्यात सरकार आधारभूत किंमत देते. म्हणून इकडची मागणी : आयातीवर शुल्क वाढवा, आम्हालाही आधारभाव द्या. काजू कारखानदाराचे म्हणणे उलटे, आयात थांबली तर कारखाना वर्षातून थोडेच महिने चालेल आणि त्यातल्या बायकांचा रोजगार जाईल. हे दोघेही सिंधुदुर्गचेच. मला विचाराल तर आयात बंद करण्याने कोकणचा काजू वाचणार नाही. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने दिलेल्या जातींचा काजूगर मोठा आणि चवदार असतो, तो वेगळ्या नावाने, वेगळ्या भावाने विकता आला पाहिजे.

तिसरी गोष्ट जमिनीची. शेतकऱ्याचा मालमत्तेचा हक्क घटनेच्या नवव्या परिशिष्टाने पोखरला, असे जोशी आयुष्यभर सांगत राहिले. आमच्या भागात ही गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. 1949 चा खोती निर्मूलन कायदा आणि कूळकायदा झाला नसता, तर कोकणातल्या कित्येक कसणाऱ्यांना मालक हा शब्दच लागला नसता. खोतीविरुद्ध बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्येच विधेयक आणले होते. तो सरकारी हस्तक्षेप मला न्याय्यच वाटतो. पण पुढे काय झाले? एकेका सातबारावर तीस-चाळीस नावे, निम्मी माणसे मुंबईत, काही हयात नाहीत. आंबोली, गेळे, चौकुळची कबुलायतदार गावकर जमीन तर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांच्या नावावर यायला झगडत आली आहे. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला कर्ज नाही, आणि धड विकताही येत नाही. कूळकायद्याने दिलेली मालकी कागदावर पुरी करण्याचे काम राहून गेले, आणि हा जोशींचाच मुद्दा आमच्या बाजूने मांडलेला आहे.

चौथी गोष्ट दर्याची, आणि इथे मी त्यांच्यापासून वेगळा होतो. मासेमारी त्यांच्या मांडणीच्या केंद्रात कधी नव्हती. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिले आहे ज्यांनी, त्यांना माहीत आहे की तो एकट्याचा धंदा नाही. दोन्ही टोकांना माणसांची रांग, दोरखंड कमरेशी, जाळे किनाऱ्याला लागले की मासळीचे वाटे. कोणाची रापण कुठे लागेल, केव्हा लागेल, वाटा कोणाला किती, हे नियम सरकारने लिहिलेले नाहीत. अशा सामाईक साधनांचा कारभार लोक स्वतःच करू शकतात, हे दाखवून देणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आमच्या रापणकऱ्यांना ते आजोबांपासून ठाऊक होते. पण पर्ससीनच्या नौका आल्या, मागून एलईडीचे झगझगीत दिवे आले आणि एका रात्रीत थवेच्या थवे उचलले जाऊ लागले. इथे 'मध्ये येऊ नका' म्हणणे म्हणजे ज्याचे इंजिन मोठे त्याला समुद्र देऊन टाकणे. पारंपरिक मच्छीमार सरकारकडे कायदा मागतो आणि तो मागणे रास्त आहे. 1981 चा सागरी मासेमारी कायदा, पर्ससीनवर निर्बंध आणणारा 2016 चा आदेश, 2021 ची कडक दुरुस्ती, हे सगळे त्यांच्या आंदोलनांतून आले. स्वातंत्र्य हवे, पण ज्यातून उद्याची मासळी जन्मते त्या पाण्याची राखणही हवी.

जोशींच्या एका कल्पनेकडे मात्र कोकणाने दुर्लक्ष केले याची मला खंत आहे. 1991 मध्ये शेगावला त्यांनी 'चतुरंग शेती' मांडली : सीता शेती, माजघर शेती, व्यापार शेती, निर्यात शेती. माजघर शेती म्हणजे शेतात पिकते ते घरात प्रक्रिया करून विकणे. हे कोणाला सांगायचे होते? अंगणात आमसुले वाळत घालणाऱ्या, फणसपोळी थापणाऱ्या, कुळथाचे पीठ दळून मुंबईला धाडणाऱ्या मालवणी बायकांना! त्या ते पिढ्यान्‌पिढ्या करत होत्या. फक्त त्या कामाला धंदा म्हणावे, त्याचा हिशोब ठेवावा आणि त्यातला पैसा त्यांच्या हाती राहावा, हे कोणी म्हटले नव्हते. आज बचत गटांच्या स्टॉलवर कोकम आगळाच्या बाटल्या दिसतात, पण बाटलीमागे बाईला किती सुटतात हे विचारले तर उत्तर क्वचित मिळते.

12 डिसेंबर 2015 रोजी पुण्यात शरद जोशी गेले. त्यांच्या मागे त्यांचा वाद थांबला नाही. 2020 चे तीन कृषी कायदे आले, दिल्लीच्या वेशीवर आंदोलन झाले आणि 2021 च्या अखेरीस कायदे मागे घेतले गेले. त्या कायद्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीत शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात पुन्हा बंद झाली, चाकणच्या पहिल्या आंदोलनानंतर चार दशके उलटून गेल्यावरही. भानू काळे यांचे 'अंगारवाटा' हे चरित्र त्यांच्या आयुष्याचा चांगला शोध घेते. नव्या वाचकाने मात्र आधी 'अंगारमळा' वाचावे, मग बाकीचे.

माझे मत विचाराल तर सरकारविषयी ते बरोबर होते, बाजाराविषयी अर्धे बरोबर होते आणि समुद्र त्यांनी पाहिलाच नाही. पण आंबेठाणच्या माळावर त्यांनी जी वही उघडली ती आम्ही अजून उघडलेली नाही. वडिलांच्या तारेत चाळीस वर्षांच्या पट्ट्या आहेत, काय मिळाले याची सगळी नोंद आहे. खर्चाचा एकही कागद त्यात नाही. म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक आंबा-काजू बागायतदाराला आणि आगळ-आमसुले करणाऱ्या प्रत्येक बाईला माझी विनंती आहे : येत्या हंगामात एक वही घाला. फवारणी, राखण, काढणी, खोका, गवत, भाडे, बाटली, लाकूड लिहा. आणि घरच्या माणसांची मजुरी धरायला विसरू नका.